जुनी इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन घेताय? जाहिरातीतले फोटो सोडा, आतले मागा

निपाणीच्या एका तरुणानं विचारलंय. कॉलेजातल्या मित्रांचा बँड आहे. ऑनलाइन जाहिरातीत '१९७४ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर, पूर्ण ओरिजिनल' अशी गिटार नव्वद हजारांना दिसली. विकणारा कोलकात्याचा आहे, दहा हजार टोकन दिलं की कुरिअरनं पाठवतो म्हणतो. जाहिरातीत सहा फोटो आहेत. घेऊ का, आणि घ्यायची तर काय काय तपासू?

टोकन आत्ता देऊ नका. 'आणखी दोघं मागायलेत' असं तो म्हणाला तर दोघांना खुशाल देऊ दे. जुन्या गिटारच्या व्यवहारात घाई नेहमी एकाच बाजूची असते, आणि ती बाजू घेणाऱ्याची कधीच नसते.

आता किमतीकडे बघूया. त्या सालाची, सगळे भाग मूळचे असलेली स्ट्रॅट अमेरिकेतसुद्धा नव्वद हजार रुपयांत मिळत नाही. मग ती कोलकात्यात का मिळतेय? एक तर जाहिरातच खोटी आहे. नाही तर गिटार खरी आहे, पण वेगवेगळ्या गिटारींचे भाग एकत्र करून उभी केलेली आहे. नाही तर विकणाऱ्याला आपल्याकडे काय आहे तेच ठाऊक नाही. तिसरी गोष्ट क्वचित घडते, आणि जाहिरातीत 'ओरिजिनल' लिहिणाऱ्याच्या बाबतीत तर घडतच नाही, कारण तो शब्द किंमत माहीत असलेला माणूसच वापरतो. बहुतेक वेळा दुसरी शक्यता खरी निघते. भाग जोडलेली गिटार वाईटच असते असं नाही. ती भाग जोडलेल्या गिटारच्या किमतीला घ्यावी, एवढंच.

म्हणून तुम्हाला ती वाजवायला हवी आहे की ठेवायला, हे मनाशी ठरवा. जुन्या गिटारच्या बाजारात पैसा मोजतात तो मूळपणाला. वाजण्याचा त्याच्याशी फार थोडा संबंध असतो. रंग पुन्हा मारलेली, पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारे चुंबकाचे भाग) बदललेली गिटार वाजायला उत्तम असू शकते, पण जमा करणाऱ्यांच्या बाजारात तिची किंमत साधारण निम्म्यावर येते. उलट एकही स्क्रू न बदललेली गिटार वर्षानुवर्षं पेटीत पडून नेक (तारांखालची लांब दांडी) पिळवटलेली असू शकते. तुमचा बँड आहे, तुम्हाला दर आठवड्याला वाजवायचं आहे. तुमच्यासाठी माझा क्रम असा: आधी नेक, मग फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), मग पिकअप, आणि मूळपणा शेवटी. पण मूळपणाचे पैसे मागितले जात असतील तर मूळपणाचे पुरावे मागायचे, त्यात भिडस्तपणा नको.

आलेले सहा फोटो बाजूला ठेवा. समोरून, मागून, हेडस्टॉक (खुंट्यांचा शेंडा), खिडकीच्या उजेडात तिरकी. असे फोटो कुणीही काढतं. खरी माहिती जिथं लोकांचे डोळे जात नाहीत तिथं असते. विकणाऱ्याला सांगा: तारा सैल करून नेक काढा आणि नेकची टाच, बॉडीतला नेकचा खोबणा, स्क्रॅचप्लेट (बॉडीवरचं प्लास्टिकचं झाकण) उलटी करून आतली वायरिंग आणि पॉटच्या, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या बटणांखालच्या भागांच्या पाठी, यांचे जवळून फोटो द्या. स्ट्रॅटचा नेक स्क्रूनं बसवलेला असतो, त्यामुळं हे अर्ध्या तासाचं काम आहे. नीट काम येणाऱ्या माणसाला त्यात काही धोका नाही. विकणारा दुकानदार असेल तर त्यानं हे आधीच करून ठेवलेलं असायला पाहिजे. 'खोलली की ओरिजिनॅलिटी जाते' असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबा. फोटो नाकारणारा माणूस तुम्हाला उत्तर देऊनच गेलेला असतो.

आता त्या फोटोंत काय बघायचं. १९७४ची स्ट्रॅट म्हटल्यावर काही गोष्टी असल्याच पाहिजेत. १९७१पासून १९८१पर्यंत नेहमीच्या स्ट्रॅटचा नेक चार नव्हे, तीन बोल्टनं बसवलेला असे, आणि ट्रस रॉडचं (नेकच्या आतल्या, वाक नीट करायच्या सळईचं) टोक हेडस्टॉकवर बंदुकीच्या गोळीसारखं बाहेर दिसत असे. हेडस्टॉक मोठा. सिरियल नंबर मागच्या, नेकच्या बोल्टखालच्या प्लेटवर, कारण हेडस्टॉकवर नंबर छापणं फेंडरनं १९७६ साली सुरू केलं. पिकअप निवडायचा स्विच तीन खटक्यांचा. पाच खटक्यांचा १९७७मध्ये आला. म्हणजे तुमच्या जाहिरातीतल्या फोटोत प्लेटवर चार बोल्ट दिसत असतील तर पुढचं काही बघायची गरज नाही. पाच खटक्यांचा स्विच मात्र चालतो. लोकांनी सोयीसाठी तो नंतर सर्रास बदलून घेतला आहे. जुना स्विच पुडीत ठेवलाय का, एवढं विचारा.

प्लेटवरच्या नंबरावर फार विसंबू नका. प्लेट चार-पाच मिनिटांत बदलता येते, आणि कारखान्यातही प्लेटा क्रमानं लागत नव्हत्या, त्यामुळं शेजारशेजारच्या सालांचे नंबर एकमेकांत मिसळलेले आहेत. त्यापेक्षा पॉटच्या पाठीवरचा आकडा जास्त बोलतो. अमेरिकन पॉटवर सहा किंवा सात आकडी कोड ठोकलेला असतो. पहिले तीन आकडे कंपनीचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचा एक किंवा दोन आकडे सालाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. समजा पॉटवर १३७७४१२ आहे, तर तो सीटीएसनं १९७४च्या बाराव्या आठवड्यात बनवलेला. पॉट मूळचे असतील तर गिटार त्या आठवड्याच्या आधीची असूच शकत नाही. नंतरची असू शकते, आणि कधी कधी बरीच नंतरची. फेंडरनं १९६६ साली एवढे पॉट विकत घेऊन ठेवले होते की पुढची काही वर्षं तेच लागत राहिले. तुमच्या बाबतीत ७३ किंवा ७४ दिसलं तर ठीक. ७८ दिसलं तर पॉट बदलले आहेत किंवा गिटारच ७८ची आहे. कोडच नाही आणि पॉट आकारानं लहान आहेत, तर ते अमेरिकेतले नाहीत.

पॉटवरचा डाकही (सोल्डर) बघा. कारखान्यातला डाक एकदाच वितळलेला, कडेला जुनाट मळकट झालेला असतो. वरून पुन्हा इस्त्री फिरवलेला डाक चमकतो, नाहीतर त्याला ढेकळं असतात. पिकअपच्या तारा तिथंच कापून पुन्हा जोडल्या असतील तर पिकअपही बदललेले असण्याची दाट शक्यता. साधारण १९७४च्या अखेरीपर्यंत स्ट्रॅटच्या पिकअपमधले चुंबकाचे दांडे कमीजास्त उंचीचे असत, नंतर ते एका पातळीत आले. म्हणजे ७४च्या गिटारवर दोन्ही प्रकार दिसू शकतात, पण एकाच गिटारवर दोन पिकअप एका जातीचे आणि तिसरा दुसऱ्या जातीचा असेल तर विचारायचं.

नेकच्या टाचेवर शिक्का असतो. साधारण १९७३पर्यंत त्यात महिना आणि वर्ष सरळ वाचता येतं. पुढं लांबलचक आकडे आले आणि ते पुष्कळदा पुसट असतात. शिक्का नसणं हा काही गुन्हा नाही. पण टाच घासून गुळगुळीत केलेली दिसली तर कुणीतरी काहीतरी पुसलंय.

रंगाबद्दल बोलताना लोक फार फसतात. जुन्या गिटारला बारीक भेगांचं जाळं पडतं हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, त्यामुळं जाळं दिसलं की 'अस्सल जुनी' असं वाटतं. ते जाळं नायट्रोसेल्युलोज लॅकरला पडतं. फेंडरनं १९६८च्या सुमारास बॉडीवर जाड पॉलिएस्टर मारायला सुरुवात केली. त्याचे धक्का लागला की कपचे उडतात, बारीक जाळी सहसा पडत नाही. हेडस्टॉकच्या तोंडावर मात्र लॅकरच राहिलं, म्हणून सत्तरच्या दशकातल्या गिटारचा हेडस्टॉक पिवळट आणि बॉडी त्या मानानं कोरी दिसते. ७४ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्ट्रॅटच्या अख्ख्या अंगावर सुंदर जाळं असेल तर रंग नंतरचा आहे. ते कुणी हौसेनं केलेलं असेल, फसवायला नसेलही, पण किंमत त्याप्रमाणं खाली यायला पाहिजे.

झिजही अशीच वाचायची. माणूस वाजवतो तेव्हा हाताची कोपरापुढची बाजू जिथं टेकते तिथला रंग जातो, मागं पट्ट्याच्या बकलानं ओरखडे येतात, पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारांखाली खड्डे पडतात. या तिन्ही गोष्टी साधारण एकाच वयाच्या दिसल्या पाहिजेत. बॉडी चाळीस वर्षं घासलेली आणि फ्रेट कोरे करकरीत असतील, तर फ्रेट नवे बसवलेत की झीज सॅंडपेपरची आहे, हे विचारायचं. स्क्रूंची डोकी गंजलेली पण खाच चकचकीत असली तर तो स्क्रू नुकताच फिरलाय. काळा दिवा, म्हणजे नोटा तपासायचा जांभळा दिवा, कुणाकडे असला तर अंधारात तो मारून फोटो मागा. जुनं लॅकर हिरवट-पिवळं उजळतं आणि नंतर केलेली डागडुजी वेगळ्या रंगाच्या ठिगळासारखी उठून दिसते. गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या गिटारच्या बाबतीत हा दिवा मी सर्वांत आधी हेडस्टॉकच्या मुळाशी धरायला सांगतो. गिब्सनचा हेडस्टॉक मागं झुकलेला असतो आणि ट्रस रॉडच्या खाचेमुळं नेमक्या त्याच जागी लाकूड कमी उरतं, म्हणून गिटार आडवी पडली की तिथंच तडा जातो. चांगला चिकटवलेला तडा आयुष्यभर टिकतो, पण किंमत निम्म्यापर्यंत उतरते, आणि जाहिरातीत तो कधीही लिहिलेला नसतो.

एक बारीकसारीक गोष्ट, पण हल्ली फार दिसते म्हणून सांगतो. ७४च्या स्ट्रॅटला 'ब्राझिलियन रोझवूड' लाकडाचा फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली पट्टी) आहे असं कुणी लिहिलं तर शंका घ्या. फेंडरनं साठच्या दशकाच्या मध्यावरच भारतीय शिसवी वापरायला सुरुवात केली होती. लाकूड खरोखर ब्राझीलचं असेल तर आनंद मानण्याऐवजी काळजी करा, कारण ती जात १९९२पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि सीमेपलीकडं व्यापारासाठी न्यायला परवाने लागतात. आपल्या शिसवीच्या तयार वाद्यांवरची अट २०१७ साली आली आणि २०१९च्या नोव्हेंबरमध्ये शिथिल झाली.

नेककडं येतो, कारण तुमचा खरा पैसा तिथं जाणार. फोटोत नेकचा वाक कळत नाही. व्हिडिओ मागा, आणि तोही असा: गिटार वाजवायच्या स्थितीत, तारा पूर्ण सुरात. पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी जाडी तार दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते जवळून दाखवायचं. जाडसर व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास फट असली तर उत्तम. फटच नसेल तर नेक अगदी सपाट आहे किंवा मागं वाकलाय. दोन कार्डं सहज जात असतील तर पुढं वाकलाय, आणि मग पुढचा प्रश्न येतो: ट्रस रॉड अजून फिरतो का? कॅमेऱ्यासमोर तारा सैल करून, योग्य इंची ॲलन पान्ह्यानं तो पाव फेरा आवळून आणि परत सोडून दाखवायला सांगा. ज्याचा रॉड शेवटपर्यंत आवळलेला आहे आणि नेक तरीही वाकलेलाच आहे, ती गिटार वाजवणाऱ्यानं घेऊ नये. इथं मी तडजोड करत नाही. पिकअप मिळतो, ब्रिज (बॉडीवरचा तारांचा आधार) मिळतो, रंग मारता येतो. संपलेला नेक सरळ करायचा खर्च आणि त्यानंतरची अनिश्चितता बघितली तर त्या पैशात दुसरी गिटार येते.

तीन बोल्टच्या नेकची एक जुनी तक्रार आहे: खोबण्यात नेक डावीउजवीकडं सरकतो. समोरून, बरोबर मधोमध कॅमेरा धरून काढलेला फोटो मागा. पहिली बारीक तार फ्रेटबोर्डच्या कडेला चिकटून जात असेल तर नेक सरकलाय. नुसता सरकला असेल तर बोल्ट सैल करून, ओढून, पुन्हा आवळता येतो. खोबणा मोठा करून ठेवला असेल तर मात्र पट्टी घालण्याची वेळ येते.

फ्रेटसाठी विकणाऱ्याला काहीही मोजायला लावू नका, त्याला मोजता येत नाही. त्याऐवजी अँप न लावता प्रत्येक तारेवर पहिल्या फ्रेटपासून शेवटपर्यंत एक एक सूर वाजवून दाखवायला सांगा. कंटाळवाणा व्हिडिओ आहे, पण संपूर्ण बघा. मेलेला सूर, खरखर, सगळं त्यात सापडतं. मग बाराव्या ते पंधराव्या फ्रेटवर बारीक तार दीड-दोन सूर वर खेचून दाखवायला सांगा. जुन्या फेंडरच्या फ्रेटबोर्डची कमान ७.२५ इंच त्रिज्येची, म्हणजे बरीच गोलाकार असते. तारा खूप खाली आणल्या असतील तर खेचलेला सूर मधेच गुदमरतो. हा दोष नाही, त्या गिटारचा स्वभाव आहे. तारा थोड्या वर घेतल्या की सुटतो. पण तुम्हाला तार फ्रेटला चिकटलेली आवडत असेल तर ही गिटार तुमच्यासाठी नाही, हे आत्ताच कळलेलं बरं.

फ्रेट बदलायची वेळ आली तर कुणाकडं द्यायची हाही विचार घेण्याआधीच करा. आपल्याकडचे लोक पटकन मिरजेचं नाव घेतात. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांचा लाकडावरचा हात वादातीत आहे, आणि तडकलेला हेडस्टॉक जोडायला मी स्वतः तिकडचं नाव सुचवलंय. पण सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले आणि सरकते असतात, गिटारचे फ्रेट खाचेत ठोकून मग एका पातळीत घासावे लागतात. ही वेगळी विद्या आहे. त्यासाठी इलेक्ट्रिक गिटारचंच काम करणारा माणूस पाहिजे, मग तो बेळगावचा असो, पणजीचा असो की पुण्याचा. धातूच्या कामाला मात्र आपल्यासारखी जागा नाही. ब्रिजच्या सॅडलचा (तार टेकते त्या तुकड्याचा) स्क्रू गेला, ट्रेमोलोच्या (सूर हलवायच्या) दांड्याचे आटे गेले, तर बेळगावच्या उद्यमबागेतला एखादा लेथवाला नमुना बघून तसाच करून देतो. फक्त आटे इंची आहेत हे त्याला आधी सांगा. मिलिमीटरचा स्क्रू जबरदस्तीनं घातला की मूळ ब्रिज कामातून गेला म्हणून समजा.

पिकअप जिवंत आहेत का हे न खोलता कळतं, आणि हा प्रयोग कोलकात्याचा माणूससुद्धा करू शकतो. गिटारला केबल लावायची, व्हॉल्यूम पूर्ण, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनवर मल्टीमीटर धरायचा, एक टोक पिनच्या शेंड्याला, दुसरं तिच्या दांड्याला. स्विचच्या प्रत्येक खटक्याला आकडा वाचायचा. स्ट्रॅटच्या पिकअपचा आकडा साधारण साडेपाच ते साडेसहा किलोओहम येतो, गिब्सनच्या जुन्या हंबकरचा (दोन कॉइलच्या पिकअपचा) सात ते नऊच्या दरम्यान. दोन-तीनशे ओहम इकडंतिकडं चालतात. आकडाच येत नसेल, मीटर नुसता पॉटचा रोध दाखवत असेल, तर कॉइल तुटलेली आहे. ती पुन्हा गुंडाळता येते, पण तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे.

गिटार कुठं राहिली आहे हेही विचारा, आणि याबाबत आपल्या भागातल्या माणसाला जरा जास्त कळायला हवं, कारण दोन्ही टोकं आपण बघतो. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला आषाढात कपाटातले कपडे ओले लागतात, आणि अथणीकडं उन्हाळ्यात दारांच्या चौकटी आकसतात. चोरला घाटातून गोव्याकडून येणाऱ्या गिटारी मी बघतो तेव्हा गंज आधी शोधतो: पिकअपच्या दांड्यांवर, ब्रिजच्या स्क्रूंवर, जॅकच्या आत. समुद्राची खारी हवा कॉइलच्या केसाएवढ्या तारेपर्यंत पोचते. कोरड्या भागातून आलेल्या गिटारचा नेक कडेनं बोट फिरवून बघायचा. लाकूड आकसलं की फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि बोटाला टोचतात. कोलकात्याची हवा दमट, तेव्हा तुमच्या गिटारबद्दल गंजाचे आणि पेटीतल्या बुरशीचे प्रश्न आधी. पेटीतला कुबट वास फोटोत येत नाही, म्हणून अस्तराचा फोटो मागा.

ही गिटार जमली नाही तर काय, हेही विचारात घ्या. १९९१च्या आधी परदेशी वाद्यं आपल्याकडं सहज येत नव्हती. खरी जुनी अमेरिकन गिटार भारतात सापडली तर तिच्यामागं बहुधा बोटीवरचा कुणी खलाशी, परदेशातला नातेवाईक किंवा हॉटेलातला बँड असतो. विकणाऱ्याला ती हकीकत विचारा, जुना फोटो असेल तर मागा. मूळ मालकाकडं सांगण्यासारखं असतंच. त्या काळात बहुतेकांनी वाजवल्या त्या कोलकात्यात बनलेल्या गिबटोन, हॉबनर, गिव्हसन. आता त्याही 'व्हिंटेज' म्हणून महाग लावतात. आठवणीसाठी घ्यायच्या असतील तर घ्या. स्टेजसाठी मी घेणार नाही, कारण त्यातल्या कित्येकांच्या नेकमध्ये पुरेशी दुरुस्ती करायला वाव नसतो. माझा कल जपानी गिटारकडं आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या ग्रेको, टोकाई, आणि १९८२ ते ८४ मधल्या 'जेव्ही' अक्षरांच्या नंबरच्या जपानी फेंडर आणि स्क्वायर यांचं काम इतकं चांगलं आहे की लबाड लोक जपानी गिटारवर फेंडरचा लोगो चिकटवून अमेरिकन म्हणून विकतात. तुमची तीन बोल्टवाली तशी निघू शकते. त्या काळातल्या जपानी नकलांनाही तीन बोल्ट असायचे. पॉटचा कोड तिथं कामाला येतो, तो मी वर का इतका सांगितला ते आता कळलं असेल.

परदेशातून थेट मागवायचा मोह होईल. नवीन गिटारला सीमाशुल्क आणि जीएसटी भरला की भागतं, आणि ते वस्तूच्या किमतीवर नाही, भाडं आणि विमा धरून एकूण रकमेवर लागतं. जुन्या वस्तूचं वेगळं आहे. आपल्या परकीय व्यापार धोरणात यंत्रसामग्री सोडून इतर वापरलेल्या मालाची आयात निर्बंधित आहे, तिला परवानगी लागते. विकणारा 'मी गिफ्ट लिहून पाठवतो' म्हणेल. त्या वाटेनं जाऊ नका. अडकली तर गिटार त्याची नसते, तुमची असते. आधी एखाद्या कस्टम एजंटाला विचारा.

पैशांचं. एक जुनी लबाडी अजून चालते आणि आपल्या गावात ती जरा जास्तच चालते. विकणारा स्वतःला फौजी म्हणवतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो, बदली झाली म्हणून सामान स्वस्तात काढतोय असं सांगतो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, घरटी नाही तरी गल्लीटी एक फौजी आहे, त्यामुळं वर्दी बघितली की आपण विश्वास टाकतो. फौजीच्या वर्दीला नमस्कार करा, वर्दीच्या फोटोला पैसे देऊ नका. पैसे मिळवायला कधीही क्यूआर स्कॅन करावा लागत नाही की यूपीआय पिन घालावा लागत नाही. 'रिफंड'साठी स्कॅन करा म्हणाला की फोन ठेवा. गिटार त्याच्याकडं आहे का, हे कळायला त्याला गिटारशेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र आणि कागदावर तुमचं नाव लिहून फोटो काढायला सांगा. आपण तरुण भारत ठेवू, तो आनंदबाजार ठेवेल. जाहिरातीतले फोटो इंटरनेटवर उलटे शोधून बघा; दुसऱ्या देशातल्या जुन्या जाहिरातीत तेच सापडले तर विषय संपला. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. त्यात पहिले काही तास महत्त्वाचे. खासगी माणसाकडून केलेल्या खरेदीत ग्राहक कायद्याचा फारसा आधार मिळत नाही, हेही लक्षात असू दे.

शक्य असेल तर कुरिअर टाळा. कोलकात्यात कुणी नातेवाईक, मित्राचा मित्र, तिकडं शिकणारा कुणी मुलगा असेल तर त्याला समोर बसून वाजवून बघू दे, आणि पैसे तिथंच द्या. कोलकात्याकडून वास्कोला जाणारी गाडी लोंढ्यावरून जाते, तेव्हा घेऊन येणारा भेटला तर खानापूर तालुक्यातच गिटार हातात मिळेल. कुरिअरच करायचं असेल तर कडक पेटी हवी, हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंना कागद किंवा कापड घट्ट भरलेलं, तारा दोन-तीन सूर उतरवलेल्या, पेटीवर आणखी एक खोका, आणि पूर्ण रकमेचा विमा. मऊ पिशवीतून गिब्सन पाठवणाऱ्याला मी नमस्कारच करतो.

आल्यावर खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, पेटी नुकसानीसाठी तपासून परत मिटा आणि ती एक दिवस खोलीत तशीच राहू द्या. प्रवासात गार किंवा तापलेली गिटार एकदम बाहेर काढली तर लॅकर तडकतं. दुसऱ्या दिवशी सुरात लावून दोन-तीन दिवस नेक स्थिरावू द्या, मगच ट्रस रॉडला हात लावा. गणपतीच्या मंडपात वाजवणार असाल तर त्याआधी ब्रिजपासून पॉटपर्यंतची अर्थची तार जोडलेली आहे का हे मल्टीमीटरनं बघा, आणि मंडपातल्या बोर्डाला खरी अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. गिटारच्या तारा अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल तर हात तारेवर आणि ओठ माइकला लागले की झटका बसतो, आणि तो प्रत्येक वेळी हलकाच असेल असं नाही.

किमतीचं माझं मत विचाराल तर असं. नेक सरळ, रॉड फिरतोय, पॉट ७३-७४चे, डाक न हललेला, रंग मूळचा, हे सगळं जुळलं तर नव्वद हजार फार स्वस्त आहे, आणि मग ती चोरीची नाही ना याची खात्री करायची: सिरियल नंबर घालून इंटरनेटवर शोधायचं आणि विकणाऱ्याकडून ओळखपत्रासह सहीची पावती घ्यायची. नेक चांगला पण रंग नंतरचा आणि पिकअप बदललेले असतील तर मी साठाच्या वर जाणार नाही. जपानी बॉडीवर चिकटवलेला लोगो निघाला तर लोगोचे पैसे शून्य धरून, ती जपानी गिटार किती चांगली वाजते त्यावर तीस-चाळीस हजारांपर्यंत बोला. नेकच्या व्हिडिओला तो नाही म्हणाला, तर कुठल्याच किमतीला बोलू नका.